न काढलेला चार्जर

आमच्या मीनात चार्जर काढायला हात लावावा लागत नाही, ते काम सरकार करतं, असं वहीब सब्बाग आपल्या समुद्रकाठच्या गावाबद्दल म्हणायचा. त्याचं हे वाक्य त्याच्या संगणकवाल्या गटात पार परदेशातल्या पोर्तोपर्यंत ठाऊक होतं आणि दर वेळी कुणी ना कुणी ते त्याच्या तोंडून पुन्हा वदवून घ्यायचं. गंमत अशी की त्यात विनोद काहीच नव्हता. मीनात वीज येते तेव्हा लोक दचकतात आणि जाते तेव्हा कामाला लागतात.

वहीब मुलांच्या शाळेत गणित शिकवायचा. पण जीव रमायचा तो दुसऱ्याच कामात. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट वापरता येणारी अशी संगणकाची एक कार्यप्रणाली होती. तिची नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी एक दिवस ठरायचा. त्या दिवशी गटातला प्रत्येकजण आपल्या घरी, आपल्या लॅपटॉपवर ती चालवून बघायचा आणि सगळ्यांच्या सामायिक तक्त्यात आपल्या लॅपटॉपच्या नावापुढे 'चालतं' किंवा 'बिघडतं' असं लिहायचा. पैसा नाही, मान नाही, चहापाणीही ज्याचं त्याने करायचं. त्याची थोरली बहीण अफाफ म्हणायची, "पगार देणाऱ्या शाळेत हा तोंड पाडून जातो आणि फुकटच्या कामाला दाढी करून बसतो."

या तपासणीतही वहीबचा खास प्रांत होता विजेचा. लॅपटॉपला तीन चाली असतात: बचत, समतोल आणि पूर्ण ताकद. बचतीत तो हळू चालतो पण बॅटरी पुरवून वापरतो, पूर्ण ताकदीत धावतो आणि बॅटरी खाऊन टाकतो. तपासायचं ते एवढंच की बचत निवडावी, चार्जर काढावा, थोडं थांबावं, परत लावावा, आणि निवडलेली चाल जागच्या जागी राहिली का ते बघावं. बाकीचे लोक चार्जर हाताने उपटायचे. वहीब कॉफीचं भांडं घेऊन गॅलरीच्या दारात बसायचा. वीज गेली की नोंद करायचा, गल्लीत पैसे घेऊन वीज देणाऱ्या जनरेटरवाल्याची लाइन आली की नोंद करायचा, तीही गेली की पुन्हा. इतरांच्या आठवडाभराच्या चाचण्या त्याच्या एका सकाळीत उरकायच्या. गटाचं काम बघणारी पोर्तोची ग्रासा म्हणून एक बाई होती. ती लिहायची, "बॅटरीच्या बाबतीत वहीब हो म्हणाला की मी पुढे विचारत नाही." हे वाक्य त्याने अफाफला तीनदा वाचून दाखवलं होतं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "त्या बाईला सांग, तुझ्या वाट्याची भांडीही कधीतरी तपासायला ये."

मग घरात सोलर आलं. अफाफचा नवरा कुवेतला असतो, त्याने पैसे पाठवले आणि गच्चीवर पाट्या बसल्या, पुढच्या खोलीत इन्व्हर्टर आला, त्याखाली बॅटऱ्या. आता वीज गेली की इन्व्हर्टरमध्ये फक्त 'टक' असा आवाज व्हायचा. दिवा जायचा नाही, फ्रीज थांबायचा नाही. पहिल्या महिन्यात अफाफ त्या आवाजाला उठून नमस्कार केल्यासारखी मान हलवायची. नंतर तिनेही सोडून दिलं. सुखाची सवय लागायला वेळ लागत नाही, आणि लागली की माणूस आधी कसा राहत होता ते त्याचं त्यालाच आठवत नाही. शेजारी कसा राहतो ते तर मुळीच नाही.

शेजारी म्हणजे खालच्या मजल्यावर सौसन राहायची, आपल्या आईबरोबर. सरकारी दवाखान्यात परिचारिका. वय अडतीस, बोलणं सडेतोड, हसणं मोठ्याने. देशाचं चलन लिरा गडगडलं तसा तिचा पगारही गडगडला होता आणि महिन्याच्या अखेरीला बसभाडं परवडत नाही म्हणून ती समुद्राच्या कडेने चालत घरी यायची. वहीबचं तिच्यावर मन होतं. हे इमारतीतल्या सगळ्यांना माहीत होतं, सौसनलाही बहुधा माहीत होतं, फक्त वहीबने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आधी त्याची आई आजारी होती, मग बँकेने पैसे अडकवले, मग वय झालं. सांगायचं राहून गेलेल्या माणसाकडे कारणं नेहमी चोख असतात.

तिचा लॅपटॉप त्यानेच घेऊन दिला होता, जुन्या मालाच्या दुकानातून, अगदी स्वतःच्यासारखाच. एकाच खेपेतले दोन. त्यावर आपली ती फुकटची कार्यप्रणालीही त्यानेच घातली. "उस्ताज, हे बिघडलं तर दुरुस्तीला कोण?" तिने विचारलं होतं. मास्तर म्हणून ती त्याला उस्ताजच म्हणायची. "वरचा मजला," तो म्हणाला होता. यापेक्षा धीट वाक्य तो तिच्याशी कधी बोलला नाही.

त्या वसंतात सौसनने त्याला जिन्यात गाठलं. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात पावाचं पुडकं.

"उस्ताज, बेल्जियममधलं एक रुग्णालय परिचारिका घेतंय. मी अर्ज केलाय."

"अरे वा," वहीब म्हणाला.

"वा तुम्ही नंतर म्हणा. आधी परीक्षा आहे. घरून द्यायची, लॅपटॉपवर. दोन तास कॅमेऱ्यासमोर बसायचं, मध्ये उठायचं नाही, लॅपटॉप बंद पडला तर पेपर बाद. आणि ही भरती एकदाच आहे, पुन्हा काढतील असं नाही."

"आणि आई?"

"आईला वर्षभरात नेता येतं. आई आत्ताच विचारतेय तिकडे पावावर लावायचा झातर मसाला मिळतो का." ती हसली. मग हसणं आवरून म्हणाली, "खरं सांगू, इथे मी आणखी पाच वर्षं काढली तर मी लोकांवर खेकसणारी बाई होईन. मला ती नाही व्हायचं."

तो वर आला. ती जाणार याचं वाईट वाटलं आणि वाईट वाटलं याची लाज वाटली. त्याच आठवड्यात गटाचा तपासणीचा दिवस होता.

तो दाढी करून बसला, सवयीप्रमाणे. कॉफी घेतली, बचत निवडली, आणि लक्ष सगळं खालच्या मजल्यावर. सौसनच्या खिडकीतून फ्रेंच उच्चार ऐकू येत होते, ती उत्तरांचा सराव करत होती. पुढच्या खोलीत टक झालं. वहीबच्या कानाने ओळखलं, वीज गेली. पडद्यावर बघितलं, बचत जागेवर. थोड्या वेळाने पुन्हा टक, वीज आली. बचत जागेवर. दुपारपर्यंत असं बऱ्याचदा झालं. त्याने तक्त्यात लिहिलं, 'चालतं'. त्या जातीच्या लॅपटॉपपुढे त्याचं एकट्याचं नाव होतं, कारण ते जुनाट यंत्र गटात दुसऱ्या कुणाकडेच उरलं नव्हतं. ग्रासाने पसंतीची खूण केली आणि ओळ हिरवी झाली.

वीज गेली होती ती गल्लीची. लॅपटॉपची नव्हे. इन्व्हर्टर होता, त्यामुळे लॅपटॉपला दिवसभरात वीज गेल्याचा पत्ताच लागला नव्हता. जी गोष्ट तपासायची होती ती घडलीच नव्हती. वर्षानुवर्षं वीज जाण्यालाच चार्जर काढणं समजत आलेल्या माणसाने टक ऐकलं आणि हात मांडीवरून उचलला नाही.

पुढे नवी आवृत्ती बाहेर पडली. परीक्षेला आठवडा होता तेव्हा वहीब खाली गेला आणि म्हणाला, "द्या लॅपटॉप. नवीन आवृत्ती घालतो, बॅटरी आणखी पुरेल." जुन्या आवृत्तीवर तिचा लॅपटॉप उत्तम चालत होता. पण त्यालाही काहीतरी द्यायचं होतं ना. अडवायचं धैर्य नव्हतं, राहा म्हणायचं धैर्य नव्हतं, मग निदान जाण्याच्या वाटेवर दिवा धरावा, असं काहीसं त्याच्या मनात असावं. लॅपटॉप वर आणून त्याने नवी आवृत्ती चढवली, बचत निवडून दिली आणि संध्याकाळी सौसन तो न्यायला आली तेव्हा अफाफने कॉफी टाकली.

"सकाळी नऊ ते बारा आमच्या जनरेटरवाल्याची झोपेची वेळ असते," सौसन म्हणाली. "आणि पेपर बरोबर दहाला. नेटच्या डब्याला छोटी बॅटरी आहे, ती टिकते. लॅपटॉप टिकेल ना? नाहीतर मी वर तुमच्याकडेच बसू का?"

"बस की," अफाफ म्हणाली. "मी तोंडाला कुलूप लावते."

"तुझ्या तोंडाला कुलूप लागेल असं बाजारात मिळत नाही," वहीब म्हणाला. "आणि खोलीत दुसरा आवाज आला तरी पेपर बाद होतो. सौसन, तुम्ही आपल्या खोलीतच बसा, शांत. बॅटरी तीन तास जाते. मी स्वतः तपासलंय."

"मग गॅलरीतून वायर सोडू या," अफाफ म्हणाली. "सगळी गल्ली सोडते. आपलं सोलर काय लोणचं घालायला आहे?"

वहीब हसला. त्या हसण्यात थोडा तोरा होता, हे त्याला नंतर फार वेळा आठवलं. "वायर कशाला? ग्रासा म्हणते ना, मी हो म्हटलं की पुढे विचारायचं नाही."

"ही ग्रासा कोण?" सौसनने विचारलं.

"त्याची पोर्तोतली सासू," अफाफ म्हणाली, आणि तिघंही हसले.

परीक्षेच्या दिवशी वहीबला शाळा होती. वर्गात त्याने दोनदा चुकीचं समीकरण लिहिलं. घरी परतताना तो कोपऱ्यावरच्या हलवायाकडे थांबला, हलावत-अल-जिब्न ही चीजची मिठाई घेतली, साखरपाक वेगळा बांधून. काय झालं तरी गोड लागणारच होतं, तिला आनंदासाठी आणि त्याला तोंड झाकायला. वर पोहोचला तर सौसन त्यांच्याच स्वयंपाकघरात बसली होती आणि अफाफ ओट्याशी पाठ करून उभी होती. टेबलावर लॅपटॉप होता, बंद.

"शेवटचे प्रश्न राहिले होते," सौसन म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "पंखा घरघर करत होता, मला वाटलं उकाड्याने. पेपर पूर्ण पडदाभर असतो, बॅटरीचं चिन्ह दिसत नाही. आणि गेला."

"कळवलंत त्यांना?"

"कळवते. काय कळवायचं? बॅटरी संपली म्हणून." तिने कपाळ चोळलं. "उस्ताज, चूक माझीच आहे. रात्री चार्जिंगला लावून झोपले, पण जनरेटर मध्ये किती वेळ गेला होता ते बघितलंच नाही. सकाळी एकदा डोळे उघडून बघायचं, तेवढंही जमलं नाही मला. तुम्ही एवढं सगळं करून दिलंत आणि मी ते वाया घालवलं. माफ करा."

वहीबने लॅपटॉप आपल्या खोलीत नेला. चार्जरवर थोडा वेळ राहू दिला, मग चालू केला. बचत. मग हात पुढे केला आणि त्या वर्षात पहिल्यांदा चार्जर स्वतःच्या बोटांनी उपटला. पडद्यावर चिन्ह बचतीचंच राहिलं. पण आतला पंखा उठला, आधी हळू, मग गिरणीसारखा, आणि तळ तापायला लागला. लिहिलेलं बचत आणि चालू पूर्ण ताकद. त्याने चार्जर लावला, पंखा शांत झाला. काढला, पुन्हा घरघर. तिसऱ्यांदा काढायची गरज नव्हती, तरी त्याने काढला.

तो परत स्वयंपाकघरात आला तेव्हा सौसन उठून उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं. हीच ती वेळ होती. दोन वाक्यांचं काम होतं: बॅटरी भरलेली होती, चूक माझी आहे. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "होतं असं कधीकधी."

सौसनने मान हलवली, लॅपटॉप काखेत घेतला आणि ती खाली गेली. मिठाई तशीच राहिली. पाक भांड्यात घट्ट झाला आणि दुसऱ्या दिवशी अफाफने तो गरम पाण्याने सोडवून फेकला.

त्याच संध्याकाळी वहीबने गटाला लिहिलं. तिथे त्याची दातखीळ बसली नाही, तिथे तो आरशासारखा खरा बोलला. माझा निकाल चुकीचा होता, लिहिलं. मी चार्जर काढलाच नव्हता, आवाजावरून धरून चाललो, आमच्याकडे सोलर आलंय हे विसरलो. दोष असा असा आहे, या जातीच्या सगळ्या लॅपटॉपांत असणार, ज्यांच्याकडे ते असतील त्यांना ताबडतोब सांगा. ग्रासाने लगेच उत्तर दिलं, वहीब, इतकी स्वच्छ कबुली मी या कामात वाचलेली नाही. तिसऱ्या दिवशी प्रणालीच्या पानावर जाहीर सूचना लागली, दोष काय, कुठल्या यंत्रांत, कधीपासून, सगळं. आठवडा संपायच्या आत दुरुस्तीही आली. तपासणीच्या नियमांत ग्रासाने एक ओळ वाढवली: चार्जर हातानेच काढावा, वीज जाण्यावर विसंबू नये. गटातल्या लोकांनी त्या ओळीला वहीबचा नियम असं नाव दिलं. परक्या गावांतल्या, कधी न भेटलेल्या लोकांपुढे तो स्वच्छ झाला होता. एक जिना उतरून खाली जायचं तेवढं राहिलं.

अफाफने मात्र बोलणं थांबवून एक काम केलं. दुसऱ्याच दिवशी लांब वायर आणली, टोकाला प्लगचा डबा बसवला आणि आपल्या गॅलरीतून सौसनच्या गॅलरीत सोडली. "आधी सोडली असती तर," ती वायर बांधता बांधता म्हणाली, आणि वाक्य पुरं केलं नाही. वहीबने वायरची दुसरी गाठ मारली.

वर्ष गेलं. सौसन राहिली. रोज संध्याकाळी समुद्राच्या कडेने चालत यायची, जिन्यात भेटायची, कधी हातात काअकचा गरम पाव असला तर अर्धा मोडून द्यायची. वहीबला जे हवं होतं तेच झालं होतं, आणि ते त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. रात्री तो एकच गोष्ट उलटसुलट करून बघायचा. त्या दिवशी माझा हात चार्जरकडे का गेला नाही? सवयीने, हे खरंच होतं. पण कान खालच्या खिडकीकडे लागला होता, मनात ती जाऊ नये असं होतं, हेही तितकंच खरं होतं. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी तो स्वतः होता, आणि तिथे त्याला स्वतःला शोधायची भीती वाटायची. मुद्दाम केलं नाही, एवढं तो शपथेवर सांगू शकला असता. त्यापुढची शपथ त्याला घेता आली नसती.

सौसन बदलली होती. एकदम नाही, थोडी थोडी. अफाफला म्हणायची, "हा अर्ज तू भर ग, माझ्याकडून काहीतरी राहून जाईल." दवाखान्यात वरच्या जागेसाठी नाव द्यायचं होतं, दिलं नाही. "जिला साधा लॅपटॉप चार्ज करता येत नाही तिने अख्खा विभाग कशाला सांभाळावा?" असं हसून म्हणाली. हसली, पण मोठ्याने नाही. वहीब तिथेच बसला होता. त्याने अक्रोडाची टरफलं एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला केली. आज सांगू, म्हणाला मनात. मग ईदनंतर सांगू. मग तिची आई दवाखान्यात होती, तेव्हा कुठे सांगायचं? कारणं चोख होती.

पुन्हा वसंत आला, पुन्हा तपासणीचा दिवस. वहीब पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसला होता. बचत निवडायचा, चार्जर हाताने काढायचा, पंख्याशी कान न्यायचा, परत लावायचा. सौसन ताट परत करायला आली. अफाफने तिच्या आईसाठी भरली वांगी पाठवली होती, त्याचं. ती दारात थांबून बघत राहिली.

"हा काय खेळ चाललाय, उस्ताज? लावताय काय, काढताय काय."

"तपासतोय. चार्जर काढल्यावर चाल बदलते का ते."

"मग सरकार मेलं का? ते काढायचं ना तुमचा चार्जर."

ती थट्टाच करत होती. पण वहीबच्या हातात वायर होती आणि ती खाली ठेवणं त्याला जमेना. "गेल्या वर्षी मी हाताने काढला नाही," तो म्हणाला. "सोलरमुळे लॅपटॉपला कळलंच नाही. मी चालतं म्हणून लिहून दिलं. ते चालत नव्हतं. तुमची बॅटरी भरलेली होती, सौसन. तुम्ही नीट चार्ज केला होता. तो माझ्यामुळे बंद पडला."

सौसनने ताट टेबलावर ठेवलं नाही. तसंच धरून उभी राहिली.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. इथेच, आत."

"मी स्वयंपाकघरात होते तेव्हा."

"हो."

"आणि तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?"

"गटाला सांगितलं. लगेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर सूचना लावली, सगळ्यांसाठी." हे सांगताना त्याच्या आवाजात कणभर अभिमान डोकावला आणि तो त्यालाच ऐकू आला.

"तिसऱ्या दिवशी," सौसन म्हणाली. पुढचं ती बोलली ते अगदी हळू, रोग्याच्या नातेवाइकांशी बोलावं तशी. "उस्ताज, परीक्षावाल्यांनी मला आठवडा दिला होता. यंत्रात दोष होता असं बनवणाऱ्यांचं लेखी काही असेल तर पेपर पुन्हा देता येतो, असं विचारलं होतं त्यांनी. माझ्या बरोबरीच्या एकीने दिला असा. आता ती तिकडे आहे, बेल्जियममध्ये, लीज शहरात."

वहीबच्या हातातली वायर खाली गेली.

"मी त्यांना काय लिहिलं माहितीय? यंत्रात काही दोष नाही, ते एका जाणकाराने तपासून दिलं होतं. हलगर्जीपणा माझा आहे." तिने ताट नीट टेबलावर ठेवलं, काठ भिंतीला समांतर करून. "चूक कुणाच्याही हातून होते. मी रोज बघते दवाखान्यात. पण मी एक वर्ष स्वतःला बावळट म्हणत जिना चढले, आणि तुम्ही वरून उतरताना मला सलाम करत होतात."

"मला सांगायचं होतं," वहीब म्हणाला.

"मलाही जायचं होतं," ती म्हणाली आणि खाली गेली.

अफाफ आतल्या दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं.  तिने ताट उचललं, धुतलं आणि पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहीब शाळेला जायला निघाला तर दाराच्या कडीला वायर अडकवलेली होती. गुंडाळून, मध्ये दोरी बांधून, प्लगचा डबा पुसून. अफाफने ती घेतली, गॅलरीत गेली, सोडवली आणि पुन्हा खाली सोडली. "माझी वायर आहे," ती म्हणाली. "तुझ्यावरचा राग वायरवर नको, म्हणावं सौसनला."

संध्याकाळी ठरल्या वेळेला गल्लीतला जनरेटर थांबला. वहीबच्या घरात टक झालं आणि सगळं चालू राहिलं. तो गॅलरीत जाऊन वाकून बघत उभा राहिला. सौसनच्या खिडकीत मेणबत्ती लागली. वायरचं टोक तिच्या कठड्याबाहेर लोंबत होतं, हात पुढे केला तर पोहोचेल एवढ्यावर, आणि वाऱ्याने प्लगचा डबा कठड्याच्या लोखंडी गजांवर हळूहळू आपटत होता. आतून कुणी तो घ्यायला आलं नाही.